शोकांतिकेतला 'दोष' आणि चुकलेला नेम

प्रश्न असा आहे: "एम.ए.ला शोकांतिकेचा पेपर आहे. नोट्समध्ये एक तक्ता दिलाय. ऑथेल्लो – संशय, मॅक्बेथ – महत्त्वाकांक्षा, हॅम्लेट – दिरंगाई, लिअर – अहंकार, ईडिपस – गर्व. पण ईडिपस वाचला तेव्हा तो मला गर्विष्ठ वाटलाच नाही. मग त्याचा दोष कोणता? शिवाय आम्ही काहीजण ऑथेल्लोच्या तिसऱ्या अंकातला मोठा प्रवेश बसवतोय आणि त्यात संशय नक्की कुठून सुरू करायचा यावरून रोज भांडणं होतात. आणि या सगळ्या नाटकांत तेच तेच विषय पुन्हा पुन्हा का येतात?"

तुमचा तो तक्ता माझ्या ओळखीचा आहे. तीस वर्षांपूर्वी माझ्याही वहीत होता आणि परीक्षेत त्यावर बरे मार्कही पडले. पुढे नाटकं बसवायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात कळलं की तालमीच्या हॉलमध्ये त्याचा काडीचा उपयोग नाही. नटाला सांगून बघा, "तू संशयी आहेस." तो भुवया आकसतो, आवाज खाली घेतो, डोळे बारीक करतो आणि पुढचे दोन तास तेवढंच करत राहतो. नटाला माणूस काय करतोय हे सांगावं लागतं. माणसात काय खोट आहे ते त्याला खेळता येत नाही, आणि ज्याच्यात ती आहे त्या पात्राला तर ती ठाऊकही नसते.

तो तक्ता नीट बघा. ऑथेल्लोच्या वाट्याला मत्सर, मॅक्बेथच्या वाट्याला लोभ, लिअर आणि ईडिपसच्या वाट्याला मद. म्हणजे आपले षड्रिपूच, एकेका राजाला एकेक वाटून दिलेले. कीर्तनाच्या उत्तररंगाला हे शोभून दिसेल. नाटक मात्र असं चालत नाही.

आधी ईडिपस, कारण तुमची शंका बरोबर आहे आणि सगळी गाठ तिथेच आहे.

ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात 'काव्यशास्त्र' लिहिलं. त्यात तो म्हणतो की शोकांतिकेचा नायक फार पुण्यवान नको आणि दुष्टही नको, मधला हवा, नावलौकिक असलेला हवा, आणि त्याच्यावर संकट यावं ते दुर्गुणामुळे नव्हे तर एखाद्या 'हमार्तिया'मुळे. उदाहरण म्हणून तो ईडिपसचंच नाव घेतो. या शब्दाच्या मुळाशी जे क्रियापद आहे ते होमरच्या लढायांत येतं, भाला फेकला आणि लागला नाही तेव्हा. नेम चुकणे, बस. नंतर बायबलच्या नव्या करारात, तोही ग्रीकमध्येच लिहिलेला, हाच शब्द 'पाप' या अर्थाने आला. मग पुढच्या कित्येक पिढ्यांनी शोकांतिकाही त्याच नजरेने वाचली: माणूस बुडाला ना, मग त्याने काहीतरी पाप केलं असणार, शोधा. आपल्या नोट्स तिथून आल्यात.

मराठीत मला 'नेम चुकणे' हे इतकं चपखल वाटतं की वर्गात मी 'दोष' हा शब्दच वापरू देत नाही. आंधळेपणाने दगड फेकणाऱ्याचा नेम चुकत नाही, कारण त्याने नेम धरलेलाच नसतो. नेम चुकतो तो जीव लावून, एक डोळा मिटून, श्वास रोखून मारणाऱ्याचा. ईडिपस तसा आहे.

नाटक उघडतं तेव्हा थीब्ज शहरात साथ पसरली आहे आणि लोक राजाच्या दाराशी आलेत. का? तर याच माणसाने पूर्वी स्फिंक्स या राक्षसिणीचं कोडं सोडवून शहर वाचवलं होतं. त्याची ख्याती काय, तर डोकं लावून गाठ सोडवणारा. आता नवीन गाठ आहे: जुना राजा लायस याचा खुनी शहरात आहे, त्याला शोधा म्हणजे साथ जाईल. ईडिपस कामाला लागतो. लायसचा, म्हणजे स्वतःच्याच बापाचा, खून आणि आईशी लग्न या दोन्ही गोष्टी नाटक सुरू होण्याआधी, कित्येक वर्षांपूर्वी, नकळत घडून गेल्यात. रंगमंचावर तो जे करतो ते एकच, तपास. आणि तपास उत्तम करतो.

तापट आहे, हे मान्य. तिठ्यावर रथातल्या म्हाताऱ्याला, म्हणजे लायसला, त्याने मारलं ते रागाच्या भरात, अर्थात त्याआधी त्याला वाटेतून हुसकायला बघितलं होतं आणि म्हाताऱ्याने त्याच्या डोक्यात फटकाही मारला होता. आंधळ्या भविष्यवेत्त्या टायरेसियसवर तो खेकसतो, मेहुण्यावर, क्रेऑनवर, पुराव्याशिवाय कटाचा आळ घेतो. गुणांचा पुतळा कुणीच म्हणणार नाही. पण कुणी गर्व म्हटलं की मी विचारते, गर्व कमी असता तर तो वाचला असता का? नाही. वाचला असता तो फक्त एका गोष्टीने, शोध अर्धवट सोडला असता तर. आणि तसं सांगणारी माणसं नाटकात तीन आहेत. टायरेसियस म्हणतो, मला घरी जाऊ दे, विचारू नकोस. त्याची राणी योकास्टा म्हणते, जिवाची पर्वा असेल तर पुढे जाऊ नकोस. शेवटी म्हातारा मेंढपाळ हातापाया पडतो. तिघांनाही तो एकच उत्तर देतो: मला कळलंच पाहिजे.

या नाटकाची बारीक कारागिरी बघायची असेल तर 'दरोडेखोर' हा शब्द धरून वाचा. क्रेऑन सांगतो, लायसला दरोडेखोरांनी मारलं. अनेकवचन. लगेच ईडिपस विचारतो, कुणी पैसे चारल्याशिवाय दरोडेखोराची एवढी हिंमत होईल कशी? एकवचन! स्वतःला कळायच्या आत जीभ सांगून मोकळी झाली. पुढे संशय स्वतःवर यायला लागतो तेव्हा तो याच वचनाला लटकतो: वाचलेला साक्षीदार अजूनही 'अनेक' म्हणाला तर मी खुनी नाही, एक म्हणजे अनेक होत नाहीत. म्हणून त्या साक्षीदाराला, म्हणजे मेंढपाळाला, बोलावणं जातं. आणि तो येतो तेव्हा हा प्रश्न त्याला कुणी विचारतच नाही. तोवर चौकशी खुनावरून जन्मावर गेलेली असते. ज्यांना हे लेखकाचं विस्मरण वाटतं त्यांनी एकदा प्रयोग करून बघावा. तिथे प्रेक्षकांत एकालाही ती आठवण येत नाही, इतकी पकड बसलेली असते.

मध्ये कॉरिंथहून दूत येतो, तो प्रवेश तर मला शिकवायचा कंटाळाच येत नाही. दूत खूश आहे, बक्षिसाच्या आशेने आलाय. ईडिपसचे वडील म्हणून ज्यांना सगळे ओळखतात ते पॉलिबस वारले, आता कॉरिंथचं राज्य तुमचं. ईडिपसला हायसं वाटतं: बापाला मारशील ही भविष्यवाणी टळली. पण आई अजून जिवंत आहे, तिच्याशी लग्न करशील ही दुसरी भीती आहेच. दूत हसतो, अहो ती भीती सोडा, ती तुमची आई नव्हेच, पाय टोचलेलं तान्हं पोर मीच त्यांना नेऊन दिलं. माणूस भीती काढायला आलाय आणि त्याच वाक्याने घात करतोय. कलाटणी कशाला म्हणतात हे सांगताना ॲरिस्टॉटल हाच दाखला देतो.

आता त्या क्षणी रंगमंचावर कुठे बघायचं? ईडिपसकडे नाही. योकास्टाकडे. तिला सगळं कळलंय आणि दूत अजून बोलतोच आहे. ती नवऱ्याला थांबवायचा प्रयत्न करते, मग आत निघून जाते. आणि ईडिपसला वाटतं काय, तर मी हलक्या कुळातला निघेन म्हणून राणीला लाज वाटतेय! मी तर दैवाचा पुत्र, असं तो वर म्हणतो. जगातला सगळ्यात हुशार माणूस त्या चार मिनिटांत सभागृहात सगळ्यात मागे आहे. मी हा प्रवेश बसवला तेव्हा योकास्टा झालेल्या मुलीला एकच सूचना दिली होती: दूत 'पाय' म्हणाला की नवऱ्याच्या घोट्यांकडे बघ, नंतर पुन्हा त्याच्याकडे पाहू नकोस. तिने ते केलं आणि समोर बसलेल्या बायकांच्या रांगेतून एक हुंकार आला. हुंकारच, दुसरा शब्द नाही.

जाता जाता: ज्या वर्षी सोफोक्लीसने हे नाटक स्पर्धेत उतरवलं, त्या वर्षी त्याला दुसरं बक्षीस मिळालं. राज्य नाट्य स्पर्धेचा निकाल लागल्यावर विंगेत रडत बसलेल्या पोरांना हे मी न चुकता सांगते.

'हुब्रिस'बद्दल दोन वाक्यं, कारण परीक्षेत तो शब्द येतो. त्याचं भाषांतर आपण सर्रास 'गर्व' करतो. अथेन्समध्ये हुब्रिस हा कायद्यातला गुन्हा होता: दुसऱ्याला मारहाण करून, बेअब्रू करून त्याची मान खाली घालायला लावणं. मनात फुगलेल्या अहंकारापेक्षा तो प्रत्यक्ष केलेल्या आगळिकीच्या जवळ आहे.

मराठीतल्या जुन्या माणसांना हे आपल्यापेक्षा बरं उमगलं होतं असं मला वाटतं. गोपाळ गणेश आगरकरांनी हॅम्लेट मराठीत आणला, १८८३ साली, आणि त्याला नाव दिलं 'विकारविलसित'. दोष नाही, विकार. प्रकृती ती असते जी सरळ चालू असते, विकार म्हणजे त्याच प्रकृतीत झालेला बदल, बाहेरून येऊन बसलेलं काही नव्हे. आपण 'हृदयविकार' म्हणतो तेव्हा हृदय तेच असतं. हॅम्लेटची विचार करण्याची ताकद ही त्याची प्रकृती. वडिलांच्या भुताने दिलेल्या, खुनी काकाचा सूड घेण्याच्या कामात तीच त्याला नडते. शब्द किती विचारून निवडलाय बघा.

आता तुमचा ऑथेल्लो. यावर मी जास्त बोलणार, कारण तुम्ही तो बसवताय.

आमच्याकडे तो पहिल्यांदा बसवला तेव्हा ऑथेल्लो करणारा मुलगा गुणी होता, आवाज छान, उंचापुरा. पण तिसऱ्या अंकाच्या त्या प्रवेशात तो विंगेतूनच लाल डोळे घेऊन यायचा. त्याला शेवट माहीत होता ना. त्याला फसवणारा, हाताखालचा इयागो बिचारा काय कारस्थान करणार, समोरचा आधीच पेटलेला! दहा दिवस तो प्रवेश मेलेला होता. मग मी संहिता बाजूला ठेवायला लावली आणि म्हटलं, तू सेनापती आहेस. छावणीत काहीतरी गडबड आहे. हाताखालच्या माणसाला ती माहीत आहे पण तो बोलायला कचरतोय. त्याला बोलतं कर.

प्रवेश जिवंत झाला. कारण संहितेत तेच आहे. सुरुवातीला ऑथेल्लोचा दुय्यम अधिकारी कॅसिओ ऑथेल्लोच्या बायकोशी, डेस्डिमोनाशी, बोलत असतो, ऑथेल्लो येताना दिसला की निघून जातो. इयागो पुटपुटतो, "हे काही बरं नाही." ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? काही नाही साहेब. माझ्या बायकोजवळून गेला तो कॅसिओ होता ना? छे, तो असा चोरासारखा कशाला सटकेल. आणि पुढे? पुढे ऑथेल्लो ते विसरतोसुद्धा. डेस्डिमोना कॅसिओसाठी रदबदली करते, तो हसत कबूल होतो, ती गेल्यावर म्हणतो की हिच्यावरचं माझं प्रेम सरलं तर जगाचा पुन्हा गोंधळ होईल. इथे संशय दाखवणारा नट स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो.

मग इयागो सहज विचारल्यासारखं विचारतो, तुमचं जमत होतं तेव्हा कॅसिओला ठाऊक होतं का? हो, तोच निरोप न्यायचा-आणायचा. खरंच? खरंच म्हणजे, तुला त्यात काय दिसलं? तो प्रामाणिक नाही का? प्रामाणिक, साहेब? हो, प्रामाणिक. तुला वाटतं काय? वाटतं, साहेब?

बघा, इयागोने अजून एकही आरोप केलेला नाही. तो फक्त ऑथेल्लोचे शब्द त्याला परत देतोय. ऑथेल्लो स्वतःच चिडून म्हणतो, हा माझा प्रतिध्वनी झालाय. मधल्या सगळ्या गाळलेल्या जागा ऑथेल्लो भरतो, आणि भरतो कारण माहिती काढून घेणं हे त्याचं आयुष्यभराचं काम आहे. त्या कामात तो पटाईत आहे म्हणून जगलाय.

याचा पुरावा दुसऱ्या अंकात आहे आणि तुमच्या गटातल्या ऑथेल्लोने तो पाठ करावा. रात्री दंगा होतो. ऑथेल्लो उठून येतो, विचारतो, कुणी सुरू केलं? एकच साक्षीदार बोलतो, इयागो. ऑथेल्लो तिथल्या तिथे कॅसिओला बडतर्फ करतो: माझं तुझ्यावर प्रेम आहे, पण यापुढे तू माझा अधिकारी नाहीस. एक साक्ष, तत्काळ निकाल, आणि प्रेम आड येऊ द्यायचं नाही. रणांगणावर हा गुण आहे. पुढे बायकोच्या बाबतीत तो हीच कार्यपद्धती वापरतो. साक्षीदारही तोच. तिसऱ्या अंकात तो सांगतोच की एकदा शंका आली की माझा निर्णय झाला. तक्त्यात 'संशयी' लिहिलेला हा माणूस खरं तर संशय सहन न होणारा आहे. संशयी माणसं वर्षानुवर्षं संशय घेऊन सुखाने जगतात, आपल्या आसपास पुष्कळ आहेत. याला एक रात्र काढवत नाही.

मग संशय सुरू कुठे होतो? माझं उत्तर ठाम आहे. इयागो म्हणतो, तिने बापाला फसवून तुमच्याशी लग्न केलं. हे वाक्य ऑथेल्लोने आधी ऐकलंय. पहिल्या अंकात डेस्डिमोनाच्या बापाने जाता जाता तेच सांगितलं होतं, हिच्यावर नजर ठेव, बापाला फसवलं तशी तुलाही फसवेल. तेव्हा ऑथेल्लो ताठ मानेने म्हणाला होता, तिच्या इमानावर माझा जीव पणाला लावतो. आता तो एवढंच म्हणतो, "हो, फसवलं खरं." मूळ इंग्रजीत चारच शब्द. तोपर्यंत एक भुवईसुद्धा हलवायची नाही आणि त्या चार शब्दांवर आवाज चढवायचा नाही. मी तालमीच्या प्रतीत तिथे लाल पेन्सिलीने आडवी रेघ मारते.

थोड्या वेळाने तो एकटा असताना कारणं शोधायला लागतो: मी काळा आहे, मला दरबारी गोड बोलणं येत नाही, माझं वय उतरलंय. इथे मला नेहमी वाटतं की व्हेनिसने त्याला सेनापती केलं पण घरात घेतलं नाही, आणि इयागो बोट ठेवतो ते त्या जागेवर. दोष एकट्या माणसात शोधत बसलं की त्याच्या भोवतीचं शहर सुटून जातं.

हॅम्लेट आणि ऑथेल्लो यांची अदलाबदल करून बघण्याचा जुना खेळ आहे. भुताचा निरोप ऑथेल्लोला मिळाला असता तर काकाचं काम त्याच रात्री झालं असतं. इयागोसमोर हॅम्लेट असता तर त्याने त्याला पाच प्रश्नांत उघडं पाडलं असतं. दोन्ही नाटकं पहिल्या अंकात संपली. म्हणजे स्वभाव आणि प्रसंग यांची जोडी जुळावी लागते, एकट्या स्वभावाने कुणी बुडत नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली 'झुंझारराव' केला, त्यात ऑथेल्लो आपल्याकडचा सरदार झाला, डेस्डिमोनाची कमळजा झाली, तरी ती जोडी तशीच राहिली. म्हणून ते मराठी कंपन्यांना पेललं.

मॅक्बेथच्या पुढे 'महत्त्वाकांक्षा' राहू द्या, तिथे तक्ता बराचसा चालतो. तो शब्द मॅक्बेथ स्वतःच स्वतःबद्दल वापरतो. त्याला चूक कळतेय, परिणाम दिसताहेत, पाहुणा म्हणून आलेला राजा चांगला आहे हेही तो बोलून दाखवतो, आणि तरी खंजीर उचलतो. नेम चुकलेला नाही, नेम बरोबर लागलाय आणि तेच भयंकर आहे. ॲरिस्टॉटलच्या चौकटीत तो नीट बसत नाही. बसवायची गरजही नाही.

आता विषय पुन्हा पुन्हा का येतात. ग्रीकांच्या बाबतीत उत्तर साधं आहे: गोष्टीच त्या होत्या. थीब्ज आणि आर्गॉस इथल्या दोन-चार घराण्यांवर बहुतेक शोकांतिका उभ्या आहेत, ॲरिस्टॉटलनेही हे नोंदवलंय. प्रेक्षकांना शेवट माहीत असायचा. आपल्या पौराणिक नाटकांच्या प्रेक्षकाला कर्णाचं चाक रुतणार हे माहीत असतं तसंच. कर्णाला सूर्य आधी बजावून जातो, इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येईल, कवचकुंडलं देऊ नकोस. कर्ण देतो. दानशूर म्हणून ज्याचं नाव, तो नाही कसं म्हणेल? टायरेसियस, योकास्टा यांच्या रांगेत सूर्याला बसवा, काही खटकणार नाही.

त्या सगळ्यांत मला सगळ्यात छळणारा विषय उशीर हा आहे. सोफोक्लीसच्याच 'अँटिगनी'मध्ये राजा झालेला क्रेऑन, भावाच्या प्रेताला मूठमाती दिली म्हणून अँटिगनीला गुहेत डांबणारा, अखेर नमतो, हे लोक विसरतात. वृंद (कोरस) त्याला क्रमही सांगतो: आधी गुहेतून मुलीला सोडव, मग प्रेताला मूठमाती दे. क्रेऑन निघतो आणि आधी प्रेताकडे जातो. राज्यकर्ता आहे, देवांचं, नियमांचं आधी उरकतो. गुहेशी पोहोचेपर्यंत मुलीने गळफास घेतलाय, त्याचा मुलगा तिच्या कमरेला मिठी मारून बसलाय. मन बदललं, फक्त दोन कामांचा क्रम उलटा झाला. 'किंग लिअर'मध्ये त्याच्या मुलीला, कॉर्डेलियाला, वाचवायला माणूस तलवार घेऊन धावतो आणि लिअर तिला हातांवर घेऊन समोरून येतो. ऑथेल्लोच्या दारावर इयागोची बायको एमिलिया धक्के मारत असते. प्रेक्षक खुर्चीत पुढे सरकतो तो इथे. तत्त्वज्ञानाने कुणी पुढे सरकत नाही.

दुसरा विषय, खरं बोलणाऱ्याचं कुणी न ऐकणं. आंधळा, वेडी, विदूषक, नोकर, बायको. ज्यांच्या शब्दाला घरात-दरबारात किंमत नाही त्यांच्याच तोंडी सत्य दिलेलं असतं. लिअरचा विदूषक तिसऱ्या अंकानंतर दिसतच नाही, आणि त्याच्याबरोबर लिअरला हसून सुनावणारं कुणी उरत नाही.

शेवटी आपल्या घरातलं एक उदाहरण देते, कारण तक्त्याने सगळ्यात जास्त नुकसान केलंय ते त्याचं. 'एकच प्याला'. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले, नाटक गंधर्व नाटक मंडळीने पुढच्याच महिन्यात बडोद्याला रंगभूमीवर आणलं, बालगंधर्व सिंधू. शंभर वर्षं आपण सांगतोय, सुधाकरचा दोष दारू. पण पहिला प्याला कधी येतो ते बघा. सुधाकर हुशार वकील. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळापुरती जाते. तो अपमान त्याला झोपू देत नाही, आणि तळीराम प्याला पुढे करतो ते विसरायला म्हणून. पिण्याची चटक असती तर ती मोडता आली असती. इथे आहे तो मानीपणा, स्वतःच्या बुद्धीवर वर आलेल्या माणसाचा, आणि त्यानेच तर तो वर आला. मध्ये तो दारू सोडतोही. पण पडत्या माणसाला लोक जे बोलतात ते पचवणं त्याच्या स्वभावात नाही.

आणि सिंधू. तिच्याबद्दल 'पतिव्रता' म्हणून आपण मोकळे होतो. मरणाच्या दारात ती फौजदारापुढे खोटं बोलून नवऱ्याला वाचवते. डेस्डिमोना काय करते? श्वास कोंडला गेल्यावर क्षणभर शुद्धीवर येते, एमिलिया विचारते, हे कुणी केलं? ती म्हणते, कुणी नाही, माझं मीच. माझ्या धन्याला माझा नमस्कार सांग. दोघीही मरताना खोटं बोलतात, आणि तेही नवऱ्याला वाचवायला. दोघींचं पुण्यच त्यांच्या जिवावर उठलं. तक्त्यात दोघींनाही रकाना नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

परीक्षेत काय लिहायचं? तक्ता लिहा, तपासणाऱ्याला तो अपेक्षित असतो. मग त्याखाली ईडिपसवर दोन परिच्छेद लिहा, हमार्तिया म्हणजे नेम चुकणे आणि त्याला थांबवणारी तीन माणसं, एवढं पुरे.

प्रवेशाचं मात्र तसं करू नका. तालमीला उद्यापासून रुमाल खरा आणा. बहुतेक गट तो पडताना घाई करतात, जणू तो योगायोगाने पडलाय. ऑथेल्लो म्हणतो डोकं दुखतंय, डेस्डिमोना आपल्या रुमालाने बांधायला जाते, तो म्हणतो हा फार लहान आहे, हाताने बाजूला सारतो, रुमाल खाली पडतो, आणि तोच म्हणतो, "राहू दे, चल." पुढे ज्या रुमालासाठी तो बायकोचा जीव घेणार आहे, तो त्याच्याच हाताने जमिनीवर गेलाय. हे प्रेक्षकाला स्वच्छ दिसलं पाहिजे, आणि एमिलिया उचलायला येईपर्यंत रंगमंचावर तीनचार सेकंद कुणीही नको. रुमाल शिवायला द्याल तेव्हा शिंप्याला आठ इंच सांगा. ऑथेल्लोच्या कपाळाला तो पुरता कामा नये.